एक पुस्तक, चार ग्रंथालयं

भारतात पुस्तक प्रसिद्ध झालं की 30 दिवसांच्या आत त्याची एकेक प्रत चार ग्रंथालयांना स्वखर्चानं पोहोचवणं प्रकाशकावर बंधनकारक आहे. हा कायदा 1954चा. 1956मध्ये वृत्तपत्रं आणि नियतकालिकंही त्यात आली.

● कोलकाता – राष्ट्रीय ग्रंथालय : मूळ कलकत्ता पब्लिक लायब्ररीत (1836). लॉर्ड कर्झननं ती इम्पीरियल लायब्ररीत विलीन करून 1903मध्ये लोकांसाठी खुली केली. 1948मध्ये नाव बदललं, 1953मध्ये बेल्व्हेडिअरच्या वास्तूत वाचकांसाठी दारं उघडली. मराठीसह भारतीय भाषांचे इथे स्वतंत्र विभाग आहेत.

● मुंबई – मध्यवर्ती ग्रंथालय : पत्ता फोर्टमधला टाऊन हॉल. याच इमारतीत एशियाटिक सोसायटीचा (स्थापना 1804) संग्रह असून, दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चं हस्तलिखित हे त्याचं भूषण.

● चेन्नई – कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय : 1896पासून सुरू.

● दिल्ली – दिल्ली पब्लिक लायब्ररी : युनेस्कोच्या सहकार्यानं 1951मध्ये सुरू.

प्रत कशी हवी? राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जाणारी प्रत संपूर्ण, नकाशे-चित्रांसह, बांधणी केलेली आणि उत्तम कागदावरची असावी लागते. मजकुरात काहीच बदल नसलेली पुढची आवृत्ती पाठवावी लागत नाही.

नाही पाठवली तर? कायद्यात दंड आहे 50 रुपयांपर्यंत, शिवाय पुस्तकाच्या किमतीइतकी रक्कम. धाक इतकाच असल्यामुळे संग्रह परिपूर्ण राहणं बरंचसं प्रकाशकांच्या तत्परतेवर अवलंबून आहे.