प्रसंगी बोलताना (लेखांक ७) : दहाव्याचं भाषण

मागच्या आठवड्यात कारखान्याच्या मोळीपूजनाचं भाषण पाहिलं. तिथे माणसं खुशीत असतात, चार वाक्यं जास्त झाली तरी खपून जातात. आजची जागा अवघड आहे.

बारामती-इंदापूर पट्ट्यात साध्या माणसावर बोलायची वेळ येते ती बहुधा दहाव्याला. कऱ्हेचा काठ असो, नीरेचा असो की नीरा-भीमेच्या संगमावरचं नीरा नरसिंहपूर. सकाळी प्रवचन होतं आणि मग श्रद्धांजली सुरू होते. निवेदकाच्या हातात चिठ्ठ्या जमत जातात. विकास सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था, कारखाना, प्रत्येकाच्या वतीने कुणीतरी बोलणार. तिकडे पिंड मांडून झालेले असतात, मुंडण केलेली मुलं उन्हात बसलेली असतात. कर्ण्याच्या आवाजाने कावळा काही जवळ फिरकत नाही आणि मागच्या रांगेत कुजबुज होते, ‘काहीतरी इच्छा राहिली असणार.’ राहिली असेलही. भाषणं आवरा, एवढीच.

तरी या भाषणांची नुसती टिंगल करून भागणार नाही. ज्याचं नाव कधी पेपरात आलं नाही, अशा माणसाचा हिशेब गावासमोर मांडला जातो तो इथेच, एकदाच. म्हणून तो नीट मांडावा.

त्यासाठी बारामतीच्याच एका रहिवाशाकडून युक्ती उसनी घेता येईल. मोरोपंत (१७२९–१७९४) इथे बाबूजी नाईकांच्या आश्रयाला पुराणिक होते. त्यांनी शंभरावर रामायणं रचली, त्यांतलं एक निरोष्ठ. प, फ, ब, भ, म ही ओठांना ओठ लावणारी अक्षरं त्यात वर्ज्य. म्हणजे रामकथा सांगायची आणि ‘राम’ म्हणायची सोय नाही! आपल्याला एवढं कडक व्रत झेपणार नाही. आपण चारच शब्दप्रयोग वर्ज्य करावेत : अजातशत्रू, आधारवड, दुःखाचा डोंगर आणि कधीही भरून न येणारी पोकळी. ते गेले की बोलणाऱ्याची पंचाईत होते, आणि नाइलाजाने त्याला तो माणूस आठवावा लागतो.

समजा, गेलेले तात्या नीरा डाव्या कालव्यावरचे बागायतदार. ‘तात्या दानशूर होते’ हे कुणाच्या लक्षात राहत नाही. त्याऐवजी असं सांगावं : ‘आवर्तन सुटलं, रात्री दोनला पाळी आली, की तात्या बॅटरी घेऊन आधी शेजारच्या म्हातारीच्या वावरात दारं धरायचे. तिचा ऊस भिजला की मग स्वतःचा. एकदा मी विचारलं तर म्हणाले, तिला रात्रीचं दिसत नाही.’ संपलं. दानशूर हा शब्द ऐकणारा स्वतःच लावून घेतो. असा एक प्रसंग नेमका आठवत नसेल, तर माईक दुसऱ्याकडे द्यावा. त्यात कमीपणा नाही.

प्रसंग सांगताना पथ्य मात्र हवं. शेवटच्या दिवसांत तात्या कोणत्या मुलाकडे होते, हे चुकूनही काढू नये. दोघे भाऊ शेजारी बसलेले असतात आणि त्यांच्यातलं वाटप व्हायचं असतं. आजाराचं वर्णन नको; घरच्यांनी ते सोसलेलं आहे. व्यासपीठावरच्या पुढाऱ्यांची नावं मानाच्या क्रमाने घेत बसू नये, ‘उपस्थित आप्तेष्ट आणि ग्रामस्थ’ एवढ्यात सगळे येतात. आणि ‘तात्या आणि मी’ अशी सुरुवात झाली की पुढे तात्या मागे पडतात, मीच उरतो, हा नेहमीचा अनुभव.

सर्वांत धोक्याचं म्हणजे आश्वासन. कावळा शिवावा म्हणून घरचे पिंडापाशी ‘पोरांकडे आम्ही बघू’ म्हणतात, ती रीतच आहे. तेच वाक्य माईकवरून ‘धाकट्याला कारखान्यात लावून घेतो’ असं झालं, की तो शब्द होतो. पुढारी बोलून पुढच्या दहाव्याला निघून जातो. पोरगा वर्षभर कागदपत्रं घेऊन हेलपाटे घालतो.

वेळ दोन मिनिटं. सावकाश बोललं तर दोनशेच्या आसपास शब्द होतात. घरी मोठ्याने म्हणून पाहावं. गळा कुठे दाटतो ते आधीच कळतं, आणि ते वाक्य शेवटी न ठेवता मध्ये घ्यावं, म्हणजे सावरायला जागा राहते. वाचून बोललं तरी चालेल, फक्त कागद मोठ्या अक्षरात लिहिलेला असावा. नदीकाठी वारा असतो, तेव्हा कागदापेक्षा जाड पुठ्ठा बरा.

पुढच्या आठवड्यात लग्नातले शुभाशीर्वाद : मुहूर्त टळत असताना माईक कुणाच्या हातातून कसा काढून घ्यायचा.