मोटारीचा मागला दिवा

मोटारीच्या पुढल्या दिव्यांची काळजी हांकणारा आपण होऊन घेतो. ते मंदावले तर रस्ता त्यालाच दिसेनासा होतो. मागला दिवा पडला परोपकारी. तो विझल्याची वार्ता मालकास सर्वांत शेवटीं कळते.

आमच्या धंतोलींतील घरीं १९६६ सालची फियाट अकराशे-डी आहे. गेल्या पावसाळ्यानंतर वर्धा मार्गानें तिन्हीसांजेस परततांना, मागच्या बैठकीवर घरांतलीं तीन मुलें असतां, एक मालमोटार हातभर अंतरावर येऊन कचकन् थांबली. “बत्ती कोठें आहे तुमची, काका?” या तिच्या चालकाच्या प्रश्नांत राग नव्हता, भीति होती.

घरीं येऊन पाहतों तों दिवा लागत होता, परंतु समईच्या वातीएवढा. त्यापूर्वीं एका कारागिरानें तीनदां बल्ब बदलले होते व शेवटीं अधिक शक्तीचा बल्ब बसविण्याचा सल्ला दिला होता. तो आम्हीं मानला नाहीं हें बरें झालें. मागल्या बल्बांत दोन तारा असतात. ५ वॅटची रात्रीं सतत जळते, २१ वॅटची ब्रेक दाबल्यावर. पांचाच्या जागीं एकवीस जळूं लागले तर होल्डर तापतो, आणि ब्रेक केव्हां लागला हें मागून येणारास उमगतच नाहीं.

आम्हीं न्यायशास्त्रांतील जुनीच रीत योजिली: अन्वय आणि व्यतिरेक. होल्डरच्या पितळी कवचापासून बॅटरीच्या ऋण टोंकापर्यंत एक लांब तार धरली, दिवा लखलखला. तार काढली, पुन्हां मंद. म्हणजे दोष बल्बांत नव्हता, जाणाऱ्या तारेंतहि नव्हता; परतीची वाट अडली होती. मोटारींत वीज जाते तारेनें आणि परतते गाडीच्या लोखंडी अंगांतून. होल्डर जेथें पत्र्यास टेकतो तेथें गंज चढला कीं ही वाट अरुंद होते. बारांपैकीं दोन व्होल्ट तेथेंच खर्ची पडले तरी प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो. आणखी एक खूण: ब्रेक दाबतांना वळणाचा दिवाहि मिणमिणला, तर वीज त्याच्यांतून आडवाटेनें परतत आहे असें समजावें. (जुन्या मॉरिस बनावटीच्या गाड्यांत पुष्कळदां धन टोंक अंगाला जोडलेलें असे, तेथें तार त्या टोंकास लावावी.)

प्रथम बॅटरीचें ऋण टोंक सोडविलें. होल्डर बाहेर काढतां आंत हिरवा कळंक दिसला. कल्हई उडालेल्या पातेल्यांत ताक ठेविल्यास काय होतें हें जाणणाऱ्या आमच्या वहिनींनींच तो प्रथम ओळखला. बारीक पॉलिशकागदानें कवच व पत्रा दोन्ही घासून लखलखीत केलीं. तळची दमलेली स्प्रिंग बदलली. डिकींतील तारेवरचें रबर पत्र्याच्या कडेस घासून फाटलें होतें. तेवढा तुकडा कापून नवी तार डाख देऊन जोडली. नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळणें म्हणजे पुढल्या पावसाळ्यास आमंत्रण. शेवटीं होल्डरपासून एक स्वतंत्र तार स्वच्छ पत्र्यापर्यंत नेऊन बोल्टाखालीं आवळली व सांध्यांवर व्हॅसलीन लावलें.

पुतण्याचें म्हणणें, “काका, सगळे एलईडीचे दिवे बसवूं.” परंतु २०२१ सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवावयाची, तर ती मूळ स्वरूपांत असावी लागते, आणि गंजलेल्या वाटेवर नवा दिवा तरी काय करणार?

रात्रीं धाकट्या नातीस फाटकापाशीं उभें करून आम्हीं ब्रेक दाबला. “दिसला!” ती ओरडली, “पण डावाच!” उजव्याचें काम रविवारीं आहे. तोंवर गाडी अंधार पडल्यावर बाहेर काढावयाची नाहीं.