दवाखान्याची जागा

एखाद्या शांत आळींत तीन मजली घर आहे, असें समजावें. खालच्या दोन खोल्यांत एका डॉक्टरांचा दवाखाना पंचवीस वर्षें चालला. सकाळ-संध्याकाळ बाकावर दहापांच माणसें बसत, औषध घेऊन घरीं जात. वरच्या बिऱ्हाडांना त्याचा त्रास नव्हता. उलट रात्रींअपरात्रीं आधारच वाटे. पुढें डॉक्टर थकले आणि ती जागा एका शस्त्रवैद्यांकडे गेली. भिंत पाडली नाहीं, वीट हलली नाहीं. पाटीवरचें नांव तेवढें बदललें. आंत मात्र शस्त्रक्रियेचें टेबल आलें, भूल देण्याचें यंत्र आलें, प्राणवायूचीं सिलिंडरें आलीं आणि अंगणांत जनरेटर बसला. रोगी सकाळीं येतो व संध्याकाळीं घरीं जातो. रात्रीं तेथें कोणीहि राहत नाहीं. मग हा पूर्वींचाच दवाखाना म्हणावयाचा कीं नवें रुग्णालय?

प्रश्न शब्दांचा दिसतो, परंतु तो केवळ शब्दांचा नाहीं. वरच्या बिऱ्हाडांची झोंप, खालच्या टेबलावरील रोग्याचा जीव आणि आळींतील माणसाला घराजवळ उपचार मिळण्याची सोय, या तिन्ही गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत. तें उत्तर शोधण्याचें काम नगररचनेच्या नियमांनीं करावयाचें असतें.

शहराचे विभाग पाडून कोणत्या विभागांत कशाला मुभा द्यावयाची, हें आधींच ठरवून ठेवण्याची पद्धति फार जुनी नाहीं. मुंबईंत १८९६ सालीं प्लेगची सांथ आली, तेव्हां दाटीवाटीच्या चाळी आणि कोंदट गल्ल्या यांचा दोष सर्वांना दिसून आला. १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व १९१५ सालीं मुंबई इलाख्याचा नगररचनेचा कायदा झाला. अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरानें १९१६ सालीं सर्व शहराला लागू होणारी विभागवार नियमावली केली. क्लीव्हलंडजवळील युक्लिड या गांवाच्या नियमांवरून पुढें जो खटला झाला, त्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९२६ सालीं अशी विभागणी राज्यघटनेला सोडून नाहीं, असा निर्णय दिला. या सर्व खटाटोपामागील विचार एकच होता. आपल्या जागेचा उपयोग करण्यास प्रत्येक जण मोकळा आहे; परंतु त्या उपयोगाचा भार शेजाऱ्याच्या अंगावर पडतां कामा नये.

या विभागणींत वैद्याचें स्थान प्रथमपासून कांहींसें निराळें राहिलें. कारखान्याला राहत्या वस्तीबाहेर जावें लागलें. डॉक्टर आणि वकील यांना मात्र वस्तींतच बसण्याची मोकळीक बहुतेक ठिकाणीं मिळाली. त्यांचा व्यवसाय विद्येवर चालतो, तो दुकानदारी नव्हे, ही समजूत त्यामागें होती. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि १९६८ सालीं, मुंबईच्या दुकानें व संस्था यांविषयींच्या कायद्याखालीं गुजरातेंत झालेल्या एका खटल्यांत, डॉक्टरचा खासगी दवाखाना ही त्या कायद्याच्या अर्थानें व्यापारी संस्था ठरत नाहीं, असें सांगितलें.

रोग्याला ठेवून घेणाऱ्या संस्थेची गोष्ट वेगळी. १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायद्यानें अशा प्रत्येक संस्थेला नोंदणी आवश्यक केली. नोंदणी नाकारण्याचीं जीं कारणें त्यांत दिलीं आहेत, त्यांत जागेचें ठिकाण, तिची बांधणी, आंतील सोय, नोकरवर्ग आणि साधनें हीं ओळीनें येतात. ठिकाणाचा उल्लेख सर्वांआधीं आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. महाराष्ट्रांत हाच कायदा नांवांतील बदलासह आजहि चालू आहे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनें तोच भेद पुढें चालविला. निवासी विभागांत दवाखान्याला मुभा मिळाली, परंतु प्रसूतिगृहासारख्या संस्थेला इमारतीचा स्वतंत्र भाग आणि येण्याजाण्याची स्वतंत्र वाट यांची अट पडली. इमारतींच्या सुरक्षिततेची राष्ट्रीय संहिताहि अशीच फोड करते. डॉक्टरची खोली ती वकिलाच्या कचेरीबरोबर आणि बँकेबरोबर व्यवसायाच्या वर्गांत घालते. रुग्णालय मात्र निराळ्या वर्गांत, अधिक कडक नियमांखालीं येतें.

एवंच, कायद्यानें दोन कप्पे केले. एका कप्प्यांत चालत येऊन चालत जाणारा रोगी, दुसऱ्यांत खाटेवर रात्र काढणारा रोगी. खाट आणि रात्र हीं दोन मापें वापरलीं, म्हणजे कोणती संस्था कोठें बसते हें सांगतां येत होतें. ज्या काळीं शस्त्रक्रिया म्हणजे आठपंधरा दिवसांचा मुक्काम, हें ठरलेलें होतें, त्या काळीं हें माप पुरेसें होतें.

पुढें वैद्यकशास्त्रानें हें मापच निरुपयोगी करून टाकलें. मोतीबिंदूचेंच पाहावें. पूर्वीं तो काढल्यावर रोग्याला डोक्याच्या दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या लावून कित्येक दिवस निश्चल पडून राहावें लागे. आतां तोच रोगी कांहीं तासांत डोळ्यावर झांपण लावून घरच्या माणसाचा हात धरून जिना उतरतो. अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत, फीनिक्स शहरीं, वॉलेस रीड आणि जॉन फोर्ड या दोघां भूलतज्ज्ञांनीं १९७० सालीं रुग्णालयापासून अलग असें शस्त्रक्रियागृह काढलें. तेथें रोग्यानें रात्रीं राहावयाचें नाहीं, हाच नियम होता. १९८२ पासून वृद्धांसाठीं असलेली मेडिकेअर ही सरकारी विमायोजना अशा केंद्रांना पैसे देऊं लागली आणि त्यांची संख्या झपाट्यानें वाढली. भारतांतहि विम्याच्या करारांत चोवीस तासांच्या आंत आटोपणाऱ्या शस्त्रक्रियांना ‘डे केअर’ असें वेगळें नांव मिळालें आहे.

अडचण येथेंच उत्पन्न होते. अशा ठिकाणीं रात्र नाहीं, म्हणून तें रुग्णालय दिसत नाहीं. परंतु टेबलावर भूल दिलेला माणूस आहे, म्हणून तो दवाखानाहि राहत नाहीं. खाटा मोजणाऱ्या नियमाच्या जाळ्यांतून हें केंद्र अलगद निसटतें, आणि आळीला त्याची जाणीव होते ती बहुधा कांहीं अनिष्ट घडल्यानंतर.

मग माप कोणतें घ्यावें? अमेरिकेंत प्रचलित असलेल्या जीवसुरक्षा संहितेनें त्याचें सरळ उत्तर दिलें आहे. रोगी किती तास राहतो, हें ती प्रथम विचारीत नाहीं. आग लागली तर त्याला स्वतः उठून बाहेर पडतां येईल काय, असें ती विचारते. उपचारामुळें किंवा भुलीमुळें ज्यांना स्वतःचा बचाव करतां येणार नाहीं, असे चार किंवा अधिक रोगी एकाच वेळीं जेथें असतील, तें बाह्यरुग्ण केंद्रहि साध्या कचेरीच्या नियमांतून बाहेर काढून कडक नियमांखालीं आणावें, असें तिचें सांगणें आहे. मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या शस्त्रक्रिया केंद्रांच्या बाबतींत तर तेथील सरकारनें ही चाराची मर्यादाहि ठेवलेली नाहीं. असहाय रोगी एक असला, तरी नियम लागू होतो.

या मापाचें महत्त्व मुंबईला फार कटु रीतीनें समजलें आहे. २०२१ च्या मार्च महिन्यांत भांडुप येथील एका मॉलमध्यें रात्रीं आग लागली. त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर कोविडच्या रोग्यांचें रुग्णालय होतें. धूर वर गेला आणि तेथील अनेक रोग्यांचे प्राण गेले. मॉलमधील गिऱ्हाईक धूर दिसतांच जिन्याकडे धांवूं शकतो. प्राणवायूच्या नळीला जोडलेल्या रोग्याला तें शक्य नसतें. दोघांना एका छपराखालीं ठेवावयाचें, तर मधली भिंत किती वेळ आग थोपवील, स्ट्रेचर वळेल इतका जिना रुंद आहे कीं नाहीं, धुराला निराळी वाट आहे कीं नाहीं, याचा हिशेब परवानगीच्या दिवशींच व्हावयास हवा.

शेजाऱ्यांवर पडणारा बाकीचा भार त्या मानानें लहान, पण रोजचा असतो. गाड्या कोठें उभ्या राहावयाच्या, रुग्णवाहिका दारापर्यंत येते कीं नाहीं, जनरेटरचा आवाज कोणाच्या खिडकींत जातो, हे प्रश्न नकाशावरच सोडवितां येतात. कचऱ्यासंबंधींचे नियम २०१६ सालीं झाले आहेत. रुग्णोपचारांतील कचरा रंगवार पिशव्यांत वेगळा करावयाचा आणि प्रक्रिया न करतां अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ सांठवून ठेवावयाचा नाहीं, अशी त्यांची आज्ञा आहे. ती पाळली, तर जिन्याखालीं पिशव्या पडून राहण्याचें कारण उरत नाहीं.

तथापि या विषयाला दुसरी बाजू आहे, आणि ती विसरली तर नियम जुलमी होतो. शेजाऱ्याचा भार आणि शेजाऱ्याची नावड या दोन भिन्न गोष्टी आहेत. अफू व हेरॉईन यांच्या व्यसनांतून सुटूं पाहणाऱ्या रोग्यांना मेथाडोन हें औषध देणारे दवाखाने अमेरिकेंत असतात. कॅलिफोर्नियांतील अँटिऑक शहरानें अशा दवाखान्याला राहत्या वस्तीपासून पांचशें फुटांच्या आंत बंदी घातली. पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या कायद्यानेंहि शाळा, उद्यानें, प्रार्थनामंदिरें आणि वस्ती यांपासून तेवढेंच अंतर सांगितलें. या दवाखान्यांत कोणाला भूल दिली जात नव्हती. आक्षेप होता तो रोग्यांच्या जातकुळीवर. १९९९ सालीं अँटिऑकच्या प्रकरणांत अपील न्यायालयानें, अपंगांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा विभागणीच्या नियमांनाहि लागू पडतो, असें ठरविलें. २००७ सालीं रेडिंग शहराच्या प्रकरणांत पेन्सिल्व्हेनियाचा तो कायदाच भेदभावाचा ठरला.

अंतराची किंमत रोग्यालाच मोजावी लागते. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला बहुधा आठवड्यांतून तीन वेळां डायालिसिस करून घ्यावें लागतें. तें केंद्र वस्तीबाहेर हांकललें, तर आठवड्यांतील सहा फेऱ्या थकलेल्या शरीरानें करावयाच्या त्यालाच. आज ज्यांना शेजारीं रुग्णालय नको असतें, त्यांच्याच घरांतील वृद्धाला उद्यां तें हवें असतें.

म्हणून गृहस्थांनीं केवळ पाटी पाहून विरोध करूं नये आणि केवळ डॉक्टरांच्या आदराखातर डोळेहि मिटूं नयेत. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानें त्यांच्या हातीं एक चांगलें साधन दिलें आहे. नियोजनाखालीं आलेल्या क्षेत्रांत नवें बांधकाम करण्यासच नव्हे, तर जागेचा उपयोग बदलण्यासहि नियोजन प्राधिकरणाची लेखी परवानगी लागते. वीट हलली नाहीं, हा बचाव म्हणून पुरेसा नाहीं. तसेंच २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणें आगीपासून बचावाचीं साधनें चालू स्थितींत असल्याचें प्रमाणपत्र दर वर्षीं जानेवारींत आणि जुलैंत द्यावें लागतें. सोसायटीच्या सभेंत भांडण्यापूर्वीं हे दोन कागद मागावेत. टेबलावरचा रोगी स्वतः उठून बाहेर जाऊं शकत नसेल, तर त्याला कोण, कोणत्या वाटेनें, किती वेळांत बाहेर नेईल, हें विचारावें. चांगला शस्त्रवैद्य या प्रश्नानें रागावणार नाहीं. त्यानें तो स्वतःला आधींच विचारलेला असतो.

त्या तीन मजली घरांतील नव्या केंद्राला परवानगी द्यावी कीं नाहीं? जिना स्वतंत्र आणि रुंद आहे, प्राणवायूचीं सिलिंडरें उघड्या हवेंत व सुरक्षित जागीं आहेत, रुग्णवाहिका दारापर्यंत येते आणि उपयोग बदलल्याची मंजुरी हातीं आहे, असें असेल तर अवश्य द्यावी. आळीला पूर्वींसारखाच आधार मिळेल. यांतील एखादी गोष्ट नसेल, तर ती होईपर्यंत टेबल रिकामें राहूं द्यावें. थांबण्याचा त्रास कांहीं महिन्यांचा असतो, आणि त्या टेबलावर पहिला झोंपणारा रोगी कदाचित् वरच्याच बिऱ्हाडांतला असेल.