संशोधकाचं काम आकड्यांत कसं मोजतात?

वरवंडसारख्या गावातून पुण्याला पीएचडीसाठी मार्गदर्शक शोधायला निघालेल्यांना सल्ला ठरलेला असतो: "सरांचा एच-इंडेक्स बघा." जरूर बघा, पण आधी तो येतो कुठून ते पाहू.

आधी माणूस नक्की करा. 'एस. पाटील' महाराष्ट्रात किती असतील! गूगल स्कॉलरवर एकाचे शोधनिबंध दुसऱ्याच्या खात्यात सहज जातात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचं काम दोन नावांत विभागतं. ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा कायमचा सोळा अंकी क्रमांक, मिळाला तर त्यावरूनच शोधा.

मग सायटेशन मोजा, म्हणजे इतरांच्या निबंधांत आलेले संदर्भ-उल्लेख. यूजीन गारफिल्ड यांची अशा उल्लेखांची सूची १९६४ मध्ये निघाली, तेव्हापासून ही मोजदाद रुळली. स्कॉलरवर आकडा जास्त आणि स्कोपस या दुसऱ्या सूचीवर कमी दिसला तर गोंधळू नका. स्कॉलर पुस्तकं, प्रबंधही धरतो. स्कोपस निवडक प्रकाशनंच. मराठीतलं बरंचसं संशोधन तर त्याच्या खिजगणतीतही नसतं.

आता एच-इंडेक्स. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञांनी तो २००५ मध्ये सुचवला. निबंध उल्लेखांच्या उतरत्या क्रमाने लावा. समजा उल्लेख आहेत १०, ८, ५, ४, ३. चौथ्या निबंधाला चार आहेत, पाचव्याला पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. पहिल्याला दहाऐवजी दहा हजार असते तरी चारच!

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. वैद्यकातल्या प्राध्यापकांचा आकडा गणितातल्यांच्या शेजारी ठेवला जातो. गणितात निबंध कमी, संदर्भयाद्याही आखूड. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतो, सहसा घटत नाही.

मोजणीतून काय सुटतं, याचं गणितातलंच उदाहरण म्हणून मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख राहिलेले शरदचंद्र श्रीखंडे (१९१७–२०२०) घ्या. सोळा बिंदू आणि अठ्ठेचाळीस रेषांच्या एका रचनेला जगभर 'श्रीखंडे ग्राफ' म्हणतात. पण नाव छापणारा प्रत्येक जण ती रचना मांडणारा त्यांचा १९५९ चा निबंध संदर्भयादीत देतोच असं नाही. काम विषयात इतकं मुरलं की मोजणीतून निसटतं.

शेवटी सहकार्याचं जाळं. प्रत्येक संशोधकासाठी एक बिंदू काढा; दोघांनी मिळून निबंध लिहिला असेल तर त्यांना रेघेने जोडा. श्रीखंडेंच्या सर्वांत गाजलेल्या कामाचं जाळं म्हणजे साधा त्रिकोण. ते काम म्हणजे गणितज्ञ ऑयलरचं एक म्हणणं खोडून काढणं. ऑयलरचं १७८२ चं म्हणणं असं, की काही आकारांचे कुठलेही दोन लॅटिन चौरस (ज्यांच्या प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येतं) एकमेकांवर ठेवले तर जोड्या पुन्हा येणारच. राजचंद्र बोस श्रीखंडेंचे पीएचडीचे मार्गदर्शक, तेव्हा ती रेघ अपेक्षितच. दोघांनी २२ × २२ घरांचा आकार जमवून दाखवला. तिसरे अर्नेस्ट पार्कर संगणक कंपनीतले, बाहेरचे. त्यांनी १० चा जमवला. मग तिघांनी मिळून १०, १४, १८ अशा पुढच्या सगळ्या आकारांत ऑयलरला खोटं ठरवलं.

जाळ्यात फसगत होते ती गर्दीमुळे. २०१५ मध्ये सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या प्रयोगांच्या एका निबंधावर ५,१५४ नावं होती. त्या एका निबंधातून सव्वा कोटीहून जास्त रेघा निघतात! असे निबंध बाजूला काढून जाळं पुन्हा काढा. मग मार्गदर्शकांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे बिंदू शोधा. पीएचडीनंतर त्यांच्या रेघा नव्या माणसांकडे गेल्या, की सरांच्या बिंदूपाशीच अडकल्या? पुढची चार-पाच वर्षं ज्यांच्या हाताखाली काढायची, त्यांच्याबद्दल मी तरी एच-इंडेक्सच्या आधी हे पाहीन.