अर्ध्या सेकंदाचा उशीर

मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमधला इंजिनिअर पोस्टग्रेस या डेटाबेसचा वेग मोजत होता. दूरच्या संगणकात शिरण्याच्या एसएसएच या मार्गावरून लॉगिनचा जो प्रयत्न एरवी ०.३ सेकंदांत निकालात निघायचा, त्याला ०.८ सेकंद लागत होते. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. हा मागेच लागला. माग काढत तो पोचला एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या साध्याशा प्रोग्रामपाशी. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. ज्याच्याकडे ठरावीक गुप्त किल्ली, त्याला सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती.

‘कोड उघडा आहे, म्हणजे सुरक्षित’ असं आपण सर्रास ऐकतो. एक्सझेडचा कोडही उघडाच होता. पण चोरदरवाजा वाचण्याजोग्या कोडमध्ये नव्हताच. चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींमध्ये तो दडवला होता, आणि त्याला बाहेर काढणारी स्क्रिप्ट फक्त वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात सारली होती. हे करणारा ‘जिया टान’ या नावाने दोन वर्षांहून जास्त काळ इमानेइतबारे काम करत आला होता. प्रकल्प सांभाळणारा मूळ माणूस एकटा, बिनपगारी. कामाला उशीर होतोय, मदतीला कुणी घ्या, असा लकडा काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे लावला. त्याने मदतनीस घेतला. मला यात कोडपेक्षा हा भाग जास्त भीतिदायक वाटतो.

बरं, सगळा कोड स्वतः डोळ्यांत तेल घालून वाचला तर? युनिक्स या कार्यप्रणालीच्या जनकांपैकी एक, केन थॉम्प्सन याने ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात (ते १९८४ मध्ये छापून आलं) ही आशाही ठेवली नाही. माणसाने लिहिलेल्या कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो तो कंपायलर. लॉगिनचा प्रोग्राम समोर आला की त्यात गुपचूप चोरदरवाजा घालायचा, अशी खोड कंपायलरला लावता येते. नवा कंपायलर बनवायची वेळ आली की हीच खोड त्यातही उतरवायची. मग मूळ कोडमधून सगळ्या खुणा पुसून टाका. कोड निर्मळ, कंपायलर बाधित, आणि वारसा पिढ्यान्‌पिढ्या चालू!

संगणकतज्ज्ञ डेव्हिड व्हीलरने यावर उतारा मांडला: संशयित कंपायलरचा कोड दुसऱ्याच कुणी बनवलेल्या कंपायलरमधून काढायचा, त्यातून तयार झालेल्या कंपायलरने तोच कोड पुन्हा काढायचा आणि शेवटची फाईल मूळ फाईलशी बिट न्‌ बिट ताडून पाहायची. म्हणजे एकावर भरवसा नको. संगनमत होणं अवघड अशा दोघांवर ठेवा. माझ्या मते भरवशाची वाजवी हद्द हीच. चिपपाशी मात्र हाही उपाय तोकडा पडतो. २०१८ मध्ये उघड झालेले मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष प्रोसेसरच्या घडणीतच होते: वेळ वाचवायला तो पुढचं काम अंदाजाने उरकून ठेवतो, आणि त्यातून गुपितं झिरपतात.

उरला प्रश्न अपडेटचा. एक्सझेडची बाधित आवृत्ती डेबियन या लिनक्स प्रणालीच्या सबुरीने चालणाऱ्या ‘स्टेबल’ शाखेत पोचलीच नव्हती. ती गेली चाचणीच्या शाखांत. म्हणून अपडेट टाळावेत म्हणाल, तर मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस आठवा. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो पसरला त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं, आणि बाधित संगणकांपैकी असंख्यांवर ते लावलेलंच नव्हतं.