ग्रंथनामांचा विचार : शीर्षकातील पाखरे आणि ऋतू

या लेखमालेच्या मागील भागात व्यक्तिनामांवरून ठेवलेल्या ग्रंथशीर्षकांचा विचार झाला. प्रस्तुत भागात निसर्गवाचक शब्द, म्हणजे पशुपक्षी, वनस्पती, ऋतू, आकाशातील ज्योती यांचा निर्देश करणारे शब्द, ज्या मराठी शीर्षकांत येतात त्यांचा विचार करावयाचा आहे. असा शब्द मुखपृष्ठावर आला म्हणून ग्रंथ निसर्गाविषयी असतोच असे नाही; किंबहुना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ललित साहित्यात तो बहुधा नसे.

वि. स. खांडेकर यांच्या ‘कांचनमृग’ (१९३१), ‘उल्का’ (१९३४), ‘हिरवा चाफा’ (१९३८) आणि ‘क्रौंचवध’ (१९४२) या कादंबऱ्या याची ठळक उदाहरणे होत. यांतील मृग आणि क्रौंच रानातून आलेले नसून रामायणातून आलेले आहेत, आणि ते मोह, करुणा अशा भावांचे प्रतीक म्हणून उभे राहतात. प्रतीक म्हणजे स्वतःपलीकडच्या आशयाकडे बोट दाखविणारी वस्तू. अशा शीर्षकाचा अर्थ लागण्यासाठी वाचकाने क्रौंच पक्षी पाहिलेला असण्याची गरज नसते, त्याला वाल्मीकींची कथा ठाऊक असली की पुरते.

जी. ए. कुलकर्णी यांच्याकडे हे नाते पालटते. ‘पारवा’ (१९६०), ‘हिरवे रावे’ (१९६२) आणि ‘पिंगळावेळ’ (१९७७) या तीन कथासंग्रहांना त्यांनी पक्ष्यांची नावे दिली. कथा माणसांच्या, त्यांच्या एकाकीपणाच्या आणि नियतीच्या आहेत. तरीही पक्षी येथे केवळ शोभेसाठी आलेला नाही. पारवा जुन्या वाड्यांच्या वळचणीला, देवळांच्या कोनाड्यांत आणि पडक्या विहिरींच्या कपारींत घुमत राहतो, आणि ज्याने ते घुमणे भर दुपारी ऐकले आहे त्याच्या मनात शीर्षक वाचताक्षणीच ओसाडपण उभे राहते. पिंगळा हे लहान घुबड असून त्याच्या ओरडण्यावरून शकुन पाहण्याची रीत आहे. शिवाय पहाटेच्या अंधारात दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही पिंगळाच म्हणतात. त्यामुळे त्या एका शब्दात पाखरू, माणूस आणि उजाडण्यापूर्वीचा अनिश्चित प्रहर एकत्र येतात. मराठी शीर्षकांत इतका अर्थ इतक्या थोड्या अक्षरांत क्वचितच सामावला असेल.

दुसरी परंपरा निसर्गाला निसर्ग म्हणूनच शीर्षकात आणते. दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या ग्रंथात चैत्रापासून पुढे बारा महिन्यांवर बारा ललितनिबंध असून शीर्षक हीच ग्रंथाची रचना आहे. ना. धों. महानोर यांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) या शीर्षकातील रान हे अरण्य नव्हे. मराठवाड्यातील शेतकरी ज्या पिकाखालच्या जमिनीला रान म्हणतो ते हे रान, आणि कवी स्वतः पळसखेड्यात शेती करणारा असल्याने या नावात अलंकाराचा लवलेश नाही.

वनाधिकारी म्हणून जंगलांत आयुष्य काढलेल्या मारुती चितमपल्ली यांच्या ‘रातवा’ या शीर्षकात ही परंपरा अधिक पुढे जाते. रातवा हा निशाचर पक्षी दिवसा वाळलेल्या पाचोळ्यावर अंग टेकून बसतो, त्याच्या पिसांवरची तपकिरी-करडी नक्षी पाचोळ्यात अशी मिसळते की पायाखाली येईपर्यंत तो दिसत नाही. तो घरटे न बांधता उघड्या जमिनीवरच अंडी घालतो आणि तिन्हीसांजेनंतर उडता उडता किडे टिपतो. रात्री जंगलातील रस्त्यावर वाहनाच्या उजेडात त्याचे डोळे लालसर चमकतात. एवढे ठाऊक असलेल्या वाचकाला हे शीर्षक जितके देते तितके इतरांना देत नाही.

अडचण नेमकी येथेच आहे. खांडेकरांचे शीर्षक ग्रंथपरंपरेच्या आधारावर टिकते, जी. ए. आणि चितमपल्ली यांची शीर्षके मात्र वाचकाच्या डोळ्यांवर आणि कानांवर विसंबून आहेत, आणि शहरात वाढलेल्या वाचकाने पिंगळा वा रातवा पाहिलेला असण्याचा संभव कमी. म्हणून अशा ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या काढताना प्रकाशकांनी आतल्या पानावर त्या पक्ष्याचे रेखाचित्र आणि दोन-तीन वाक्यांची ओळख अवश्य द्यावी, आणि वाचकांनीही त्यांच्याकडे तसा आग्रह धरावा.