जुना ट्रॅक्टर आणि लाकूड चिपर
लेखमाला : शेतावरची यंत्रे (लेखांक 9)

आंब्याचा हंगाम सरला की हैदराबादभोवतीच्या बागांत छाटणी सुरू होते. जाड लाकूड सरपणाला जाते; मनगटाएवढ्या आणि त्याहून बारीक फांद्यांचा ढीग मात्र बांधावर पडून राहतो किंवा पेटवला जातो. हाच ढीग चिपरमधून काढला की त्याच्या ढलप्या होतात आणि त्या झाडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरता येतात. बागेसाठी सोयीचे बरेचसे चिपर स्वतःचे इंजिन नसलेले असतात. ते ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी जोडून पीटीओच्या, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेरच्या यंत्राला देणाऱ्या, शाफ्टवर चालवले जातात. बागेतला ट्रॅक्टर जुना असेल, तर त्यावर चिपर नीट चालेल का, याचे उत्तर अश्वशक्तीपेक्षा क्लचच्या रचनेवर आणि फेऱ्यांच्या गतीवर अधिक अवलंबून असते.

चकती आणि 540 फेरे

बागेतल्या चिपरचा गाभा म्हणजे पोलादाची जड चकती. तिच्यावर दोन ते चार पाती बसवलेली असतात आणि समोर एक स्थिर पाते असते. फांदी या दोहोंच्या मध्ये सापडून कापली जाते. पात्यांचा कोन असा ठेवलेला असतो की फांदी आपोआप आत ओढली जाते. त्यामुळे साध्या चिपरला हायड्रॉलिक रोलर लागत नाहीत, आणि जुन्या ट्रॅक्टरच्या दृष्टीने ही सोयीची गोष्ट आहे.

पीटीओची रूढ गती मिनिटाला 540 फेरे. चकती शाफ्टला थेट जोडलेली असेल आणि तिला चार पाती असतील, तर सेकंदाला 36 काप पडतात. हे काप इंजिनाच्या तात्पुरत्या जोरावर होत नाहीत; फिरत्या चकतीत साठलेली ऊर्जा ते काम करते. ही ऊर्जा गतीच्या वर्गाप्रमाणे बदलते. गती 540 वरून 400 वर घसरली, तर जेमतेम 55 टक्के ऊर्जा उरते आणि फांदी अडकते. उलट पट्टे किंवा गिअर लावून चकती 1000 फेऱ्यांवर नेली, तर तीच चकती सुमारे साडेतीनपट ऊर्जा साठवते. म्हणून जाड फांदी आत गेल्यावर इंजिनाचा आवाज दबला, तर पुढची फांदी घालण्याआधी गती पुन्हा भरू द्यावी लागते.

इंजिनाच्या किती फेऱ्यांवर पीटीओ 540 ला पोहोचतो, हे प्रत्येक मॉडेलनुसार वेगळे असते. ती खूण मीटरवर असते, पण जुन्या ट्रॅक्टरचा मीटर बहुधा बंद पडलेला असतो. अशा वेळी शाफ्टवर चमकती पट्टी चिकटवून हातातल्या टॅकोमीटरने फेरे मोजावेत आणि हातगॅसच्या दांड्यावर खूण करावी.

ताकद किती पुरते

इंजिनाच्या अश्वशक्तीपैकी साधारण 85 टक्के पीटीओपर्यंत पोहोचते. एचएमटीने 1971 पासून चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने पिंजोरला बनवलेला 25 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पीटीओवर 21 च्या आसपास देतो. 35 अश्वशक्तीचा मॅसी किंवा महिंद्रा 30 च्या आसपास. चार इंचांपर्यंतच्या ओल्या फांद्यांना 20 ते 25 अश्वशक्ती पुरते. म्हणजे लहान चिपर जुन्या ट्रॅक्टरला झेपतो. सहा इंचांचा झेपत नाही. चिपर घेताना तोंडाच्या मापापेक्षा त्याला लागणारी पीटीओ अश्वशक्ती पाहावी. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय 2016 मध्ये झाला. त्यामुळे असा ट्रॅक्टर कामाला लावण्याआधी क्लच प्लेट आणि पीटीओचे सुटे भाग मिळतात का, याची चौकशी करून ठेवावी. बेअरिंग, पट्टे आणि बोल्टांसाठी सिकंदराबादचा राणीगंज बाजार जवळचा.

क्लचचा प्रश्न

एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये चाके आणि पीटीओ यांना एकाच क्लचमधून गती मिळते. दुहेरी क्लचमध्ये पेडल अर्धे दाबले की चाके थांबतात आणि पूर्ण दाबले की पीटीओही सुटतो. चिपर उभ्या ट्रॅक्टरवर चालतो, म्हणून कापण्यापुरता एकेरी क्लच चालून जातो. अडचण येते ती थांबताना. एकेरी क्लच दाबला तरी जड चकती फिरतच राहते आणि तिची गती उलट वाटेने गिअरपेटीत शिरते. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल, तर क्लच दाबलेला असूनही तो पुढे ढकलला जातो. नसेल, तर गिअर पडताना दाते घासतात.

यावर उपाय म्हणजे पीटीओच्या दांड्यावर बसणारा ओव्हररनिंग क्लच. सायकलच्या फ्रीव्हीलप्रमाणे तो ट्रॅक्टरकडून चिपरकडे जोर जाऊ देतो, उलट येऊ देत नाही. तो काही इंच लांब असतो, म्हणून शाफ्टची लांबी पुन्हा मोजून गरजेप्रमाणे कापावी लागते. शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश गुंतलेल्या असाव्यात, दोन्ही टोकांचे क्रॉस (सांधे) एका रेषेत असावेत आणि शाफ्ट शक्य तितका सरळ राहावा. शाफ्टमधला शियर बोल्ट धक्का बसताच तुटावा म्हणून मुद्दाम कमजोर असतो. तो वारंवार तुटतो म्हणून कडक बोल्ट घातला, तर पुढचा धक्का गिअरपेटीला बसतो.

चालवण्याचा क्रम

ट्रॅक्टर सपाट जागी न्यूट्रलमध्ये, ब्रेक लावून आणि चाकांखाली दगड देऊन उभा करावा. चिपर जमिनीवर टेकलेला हवा. इंजिन मंद ठेवून क्लच हळूहळू सोडावा, चकती फिरू लागल्यावर गॅस चढवावा. ढलप्यांचा झोत वाऱ्याच्या दिशेने ठेवावा. पावसाळ्यात हैदराबादेत वारा पश्चिमेकडून येतो. तासन्‌तास उभ्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर पाला चिकटतो आणि एअर फिल्टरमध्ये भुसा जातो. म्हणून दोन्ही रोज साफ करावेत.

फांदी बुडख्याकडून घालावी आणि घालणाऱ्याने तोंडासमोर उभे न राहता बाजूला उभे राहावे. तुकडे हाताने नव्हे, लांब फांदीने ढकलावेत. सर्वांत मोठा धोका उघड्या शाफ्टचा. 540 फेऱ्यांवर चार इंच व्यासाचा क्रॉस सेकंदाला जवळपास 3 मीटर कापड गुंडाळतो. गमछा, पदर किंवा धोतराचा सोगा सोडवायला वेळच मिळत नाही. मळणीयंत्रांच्या अपघातांमुळे 1983 मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. चिपरचा शाफ्टही तसाच आवरणाखाली हवा.

थांबवताना आधी गॅस उतरवावा, मग पीटीओ सोडावा. चकती त्यानंतरही बराच वेळ फिरते. ती पूर्ण थांबेपर्यंत, इंजिन बंद करून चावी काढेपर्यंत झाकण उघडू नये.

कोणते लाकूड, कोणती पाती

ओली फांदी सहज कापली जाते. वाळलेली कठीण होते आणि पाती बोथट करते. आंबा, सुबाभूळ आणि गिरिपुष्प चिपरला चांगले. तेलंगणात सर्वत्र दिसणारी ताडाची आणि शिंदीची झावळी तंतुमय असते आणि चकतीला गुंडाळली जाते. तिला हातोड्यांचा श्रेडरच योग्य. शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडांत पाट्यांचे खिळे आणि केबलच्या तारा दडलेल्या असतात. त्यांच्या फांद्या घालण्याआधी तपासाव्यात.

ढलप्यांऐवजी चोथा पडू लागला की पाती बोथट झाली असे समजावे. सर्व पाती सारखीच घासावीत, नाहीतर चकतीचा तोल जातो आणि बेअरिंग खचते. फिरत्या आणि स्थिर पात्यांमधली फट साधारण 1 ते 2 मिलिमीटर ठेवतात.

ढलप्यांचे आच्छादन चार इंच जाडीचे पुरते. ते खोडापासून हातभर दूर ठेवावे, विशेषतः लाल चळका जमिनीत, जिथे वाळवी लवकर येते. ढलप्या मातीत मिसळू नयेत. कुजताना त्या जमिनीतला नत्र ओढून घेतात. पृष्ठभागावर पडल्या तर पावसाचे पाणी धरतात आणि दोनेक वर्षांत हळूहळू माती होतात.